मिरच्यांना काय झालंय?

मित्रांनो, मी झुरके ओढणारे एक जुने यंत्र आहे. लगेच नाक मुरडू नका. हौस म्हणून मी एकही झुरका ओढलेला नाही. जे लाखो ओढले, ते कामावर, तपासणीसाठी. आज मी जिन्याखाली धूळ खात पडलो आहे आणि माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी आहे, ‘बिघडलेले’. ती चिठ्ठी खोटी आहे. म्हणूनच मी बोलायला बसलो आहे, आणि गोड बोलण्याचा माझा मुळीच विचार नाही.

चीनच्या शेन्झेन शहरात, शाजिंग भागातल्या एका गल्लीत माझा जन्म झाला. पत्रे कापणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पोटात छोटा पंप बसवला, पुढे वीस रबरी तोंडे बसवली आणि प्रत्येक तोंडात उष्णता मोजणारी एक बारीक सुई ठेवली. तीन सेकंद ओढायचे, तीस सेकंद थांबायचे, आणि आतली तार किती तापली ते पडद्यावर दाखवायचे, एवढेच माझे काम. त्यात मी कधी हयगय केली नाही.

ई-सिगारेटच्या कारखान्यात मला आणले गेले. तिथे माझी गाठ पेंग यूफेनशी पडली. ती तिखट खाणाऱ्या हुनान प्रांताची, त्यामुळे जेवणाच्या डब्याशेजारी चिरलेल्या लाल मिरच्यांची बरणी कायम असायची. सगळे तिला फेनताई म्हणत. माझी तपासणी झाली की प्रत्येक ट्रेमधली एक वस्तू ती स्वतः ओढून बघायची आणि चव सांगायची. दिवसाला दीडशे-दोनशे झुरके. हे काम जिभेचे होते, आणि जीभ तिची होती. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने माझी तोंडे पुसायची आणि म्हणायची, “आजोबा, आ करा.”

आमच्याकडे तीन जातींच्या सिगारेटी बनत. तिन्हींत तार तापते आणि कापसातला द्रव वाफ होऊन उडतो. फरक असतो तो जाळ कोण सांभाळतो याचा. नव्या मुलींना फेनताई ते जेवताना समजावून सांगायची.

“पहिली म्हणजे माझा नवरा,” ती म्हणायची. “थेट बॅटरीवर चालणार. सकाळी डोंगर उचलेल, संध्याकाळी उशीसुद्धा उचलणार नाही. दुसरी म्हणजे माझा दीर, नुसता सांगकाम्या. वीस वॅट म्हटलं की वीस. कापूस कोरडा पडला, जळायला लागला, तरी याचे वीस चालूच.”

“आणि तिसरी, ताई?”

“तिसरी माझी आई. हात लावून बघते, तापलं की जाळ कमी करते.”

ते खरेच होते. तार तापली की तिच्यातून वीज अडखळत जाते. थंड तारेतून ती किती अडखळते, हे चिप अगदी सुरुवातीला, तार बसवतानाच, एकदा पाठ करते. मग जन्मभर त्या पाठावरून ताडून बघते आणि ठरलेल्या उष्णतेच्या पुढे तारेला जाऊ देत नाही. तिघींत गुणाची हीच, असे मीही मानत होतो. पण मित्रांनो, पहिला पाठच चुकीचा पढवला, तर गुणाचे लेकरू तरी काय करणार?

त्या वर्षी तिसऱ्या जातीची मोठी मागणी आली. उष्णता ठरली होती दोनशे वीस अंश. पहिल्याच दिवशी अकरा वाजता माझ्या सुईने दोनशे नव्वद दाखवले. फेनताईने एक झुरका ओढला आणि तोंड वाकडे केले. “कापूस जळतोय.”

आमचे प्रमुख होते ख्वांग मास्तर. ते तिथलेच, कँटनकडचे. सौम्य सूप पिणारे, चहाची बाटली बगलेत घेऊन फिरणारे. दुपारी जेवून सगळा कारखाना टेबलावर डोके टेकून झोपायचा, तसे तेही झोपायचे, आणि उठल्यावर सरकत्या पट्ट्यावरून आलेला पहिला ट्रे तपासायचे. माझ्या सुईने दाखवले दोनशे वीस.

“फेनताई, त्या मिरच्या खाऊन खाऊन तुझी जीभ करपलीय,” ते म्हणाले. “कापूस नाही.”

“मास्तर, यंत्रानंही दोनशे नव्वद दाखवले होते.”

“यंत्र म्हातारं झालंय. सकाळी एक बोलतं, दुपारी एक.”

चार दिवस हेच. सकाळी माझा आकडा आणि तिची जीभ एक सांगे, दुपारी मास्तरांना दुसरेच दिसे. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी अडकवली आणि तिला सांगितले, “उद्या माल निघणार. आणखी एक खोटी तक्रार आली, तर परवापासून तू येऊ नकोस.” नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय! माझा संताप झाला. पण मला ओढता येते, ओरडता येत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी सगळे झोपले. फेनताईला खोकल्याने झोप येईना, म्हणून ती पट्ट्याशी जाऊन उभी राहिली. तिथे तारांचा एक ट्रे अर्धवट पडला होता. सकाळी या तारा भट्टीतून तावून निघत आणि घाईघाईत तशाच बसवल्या जात, तेव्हा बोटाला चटका बसे. तिने आता बोट लावले. तारा गार होत्या.

ती तिथेच थबकली. सकाळी चिपला गरम तार दाखवून ‘हीच थंड’ असे पढवले जात होते. दुपारी उठल्यावरचा पहिला ट्रे तेवढा निवलेला असे. आणि मास्तर नेमका तोच तपासत होते.

घंटा झाल्यावर तिने दोन सिगारेटी मास्तरांपुढे ठेवल्या. “ही गरम तारेची, ही गार तारेची. एक एक झुरका घ्या, मास्तर.”

मास्तर मागे सरले. “मी सोडलंय. घसा नाजूक आहे माझा.”

“आणि माझा काय पत्र्याचा आहे?”

पट्ट्यावरचे हात थांबले. तिने लाल चिठ्ठी बाजूला केली, दोन्ही सिगारेटी माझ्या तोंडांत दिल्या आणि बटण दाबले. मी जीव एकवटून ओढले. दोनशे नव्वद. दोनशे वीस. शेजारी शेजारी, सगळ्यांदेखत.

माल थांबला. आठ हजार नग उघडून पुन्हा बसवले गेले. बसवण्याआधी तारा अर्धा तास निवू द्यायच्या, असा नियम भिंतीवर लागला. आणि मास्तरांनी वरच्यांना कळवले की, ‘जुन्या यंत्राच्या चुकीमुळे उशीर झाला.’ चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याच संध्याकाळी मला जिन्याखाली ढकलले.

मित्रांनो, कुणी ही वस्तू फळांच्या वासात घोळवून तुमच्यापुढे धरली, तर तोंड फिरवा. ती कितीही गुणाची असली तरी तिचा जाळ शेवटी कुणाच्या तरी घशातच जातो. आणि खरे मोजणाऱ्याच्या गळ्यात चिठ्ठी अडकवण्याआधी, आपण कोणत्या वेळी मोजले ते आठवा. तारेला निवायला अर्धा तास मिळाला. माणसांच्या जिभेला तेवढा वेळ द्यायचे अजून कुणाला सुचलेले नाही.

फेनताईचे काम टिकले. अजून ती रोज दोनशे झुरके ओढते आणि दुपारी डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसते. काल तिने बरणीतला एक चमचा खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. डोळ्यांत पाणी आले नाही. तिने बरणी नाकाशी धरून हुंगली आणि मला विचारले, “आजोबा, या मिरच्यांना काय झालंय हो?”

मिरच्यांना काहीही झालेले नव्हते, मित्रांनो.