आता काहीही चालेल

मी एक टोप आहे. जाड बुडाचा, दोन कानांचा, डुकराची अख्खी मांडी आत मावेल एवढा. कारखान्यात ठोकून मला आकार दिला आणि एका नव्या दुकानदाराने मला घरी आणलं. हॅम विकून त्याला संसार उभा करायचा होता. मिठाच्या पाण्यात मुरवलेली मांडी तो माझ्यात मंद आचेवर शिजवायचा, तोच त्याचा हॅम. पाणी खदखदलेलं त्याला खपायचं नाही.

त्याची एकुलती लेक माझ्या वाफेतच वाढली. बापाने कापलेली पहिली पातळ चकती तिची. गिऱ्हाइकांना तो अभिमानाने सांगायचा, "अंगाला लागतं बघा. माझ्या पोरीकडे बघा ना."

ती शिकली, मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ झाली. कुणाला काय चालतं, काय नाही, हे रोग्यांना सांगणं हेच तिचं काम. आणि नेमकं तिच्याच बापाचं हृदय थकलं. पाय सुजू लागले, जिना चढताना धाप लागू लागली.

"बाबा, आजपासून हॅम बंद," ती म्हणाली.

"अगं, त्यात ताकद असते."

"असते ना. प्रथिनं आहेत, ब जीवनसत्त्व आहे, चरबी काढली तर जडही नाही. पण मीठ किती आहे! धडधाकट माणसानेही ते कधीमधी, बेतानेच खावं. तुमच्या अंगात त्याने पाणी साठतं."

म्हाताऱ्याने हातातली सुरी पुसून ठेवली. "म्हणजे जन्मभर मी लोकांना वाईटच खाऊ घातलं म्हणायचं."

"असं कुठे म्हणतेय मी?" एवढंच म्हणून ती घाईघाईने कामावर निघाली.

दुकान बंद झालं. मी ओट्याखाली गेलो. ती सकाळी बिनमिठाची भाजी, उकडलेलं अंडं झाकून ठेवायची आणि निघायची. तो ते एकटाच चिवडत बसायचा. तक्रार नव्हती, भूकही नव्हती. एके दुपारी त्याने मला बाहेर ओढलं, झाकण काढलं आणि तोंड आत घालून वास घेतला. लेक नेमकी तेव्हाच दारात आली. ती रागावली नाही. तिने मला उचलून माळ्यावर ठेवलं, बस्स.

पथ्याने सूज उतरली, काही महिने बरे गेले. मग हृदयानेच हात टेकले. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना स्वयंपाकघराच्या दारात हळूच म्हणाले, "त्यांना आवडेल ते द्या. आता काहीही चालेल."

रोग्यांच्या नातेवाइकांना हे वाक्य तिने स्वतः कितीदा सांगितलं असेल. त्याचा अर्थ तिला कुणी समजावून द्यायला नको होता. मग स्टूल घेऊन तिने मला खाली काढलं.

कामावर न जाता तिने मुरवलेली मांडी विकत आणून भिजत घातली, मीठ उतरावं म्हणून पाणी बदललं, पुन्हा बदललं, मग बापाच्या पद्धतीने मंद आचेवर शिजवली. पातळ चकती काढून ती त्याच्या उशाशी बसली.

त्याने तुकडा तोंडात घोळवला. "पाणी बऱ्याचदा बदललंस वाटतं."

"हो."

"आता कशाला जपतेस, पोरी?"

अर्धी चकती त्याने खाल्ली, उरलेली तिच्यापुढे केली. तिने ती खाल्ली. दोघं अंधार पडेपर्यंत जुन्या गिऱ्हाइकांच्या गमती बोलत राहिले. आठवडाभरात तो गेला.

आता घर आवरलंय. मी दाराशी, भंगारवाल्याच्या वाटेवर. तिथून पुढे मला वितळवतील, याचं दुःख नाही. जाता जाता एवढंच मागतो. रोग्याला जे चालत नसेल त्याला नाहीच म्हणा. ती पोर चुकली नव्हती, तिच्यामुळेच त्याला ते महिने मिळाले. पण पथ्याचं ताट वाढलंत की समोर बसा. त्या माणसाला एकट्याने जेवायला लावू नका.