म्हशीच्या पोटात रेडकू

आमच्या घरात बेस गिटार बायको वाजवते आणि हमाली मी करतो. अठरा वर्षं झाली. तिच्या बँडचा सराव तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि तिचं स्पीकरचं कॅबिनेट म्हणजे चार स्पीकर ठोकलेलं बेचाळीस किलोचं कपाट! मी त्याला म्हैस म्हणतो. कुणाला म्हणतोय ते आधी स्पष्ट करतो, मग म्हणतो.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर माझ्या कमरेनं राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, "पंधरा किलोच्या वर काही उचलायचं नाही."

"आणि झेललेलं चालेल? बायकोचा शब्द रोज झेलतो."

हसले नाहीत. डॉक्टर लोकांना कमरेचा विनोद कळत नाही.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "लहान कॅबिनेट घेऊ."

"लहान कॅबिनेटमधून बेस ऐकू येत नाही, डास ऐकू येतो. त्यापेक्षा बँड सोडते. रविवारी सांगते सगळ्यांना, दुसरं कुणीतरी बघा." एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला गेली. एकेक कपडा असा झटकत होती, जणू आत मी आहे.

सरावाहून परतताना ही बाई जिन्यात गुणगुणते. सराव नसला की घर आवरते, आणि घर आवरता आवरता मलाही आवरते.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली आणि मी वाद्यांच्या दुकानात. दुकानदारानं एक लहानसं कॅबिनेट कोपऱ्यात ठेवून वाजवून दाखवलं. घूम घूम! मी तीस वर्षं पंखे विकलेत. कुठला पंखा कुठल्या खिडकीखाली लावून गिऱ्हाईक गार करायचं, ते मला कोण शिकवणार?

"शेठ, कोपऱ्यात पत्र्याचा डबासुद्धा घुमतो. मधोमध आणा," मी म्हटलं.

मधोमध आल्यावर पहिल्याची हवा गेली. दुसरं जाड तारेला खरखरलं. तिसऱ्यात एकच स्पीकर, बारा इंची. खोका अकरा किलोचा, स्कूटरवर पायांपाशी मावेल एवढा. दुकानदारानं जाड तार छेडली आणि माझ्या पँटचा पाय थरथरला. म्हटलं, हेच आपलं रेडकू.

पण बायकोला दाखवलं असतं तर तिनं वाजवायच्या आधीच नापास केलं असतं. म्हणून एका सुतार मित्राला घरी बोलावलं. त्यानं म्हशीची पुढची जाळी, कडेचे पत्रे आणि हँडल काढून पातळ प्लायच्या सांगाड्याला ठोकले, वरून काळं रेक्झिन चढवलं. रेडकू आत बसवलं. खरी म्हैस त्याच्या टेम्पोतून कारखान्यात गेली. सगळं मिळून वजन चौदा किलो! डॉक्टरांचा शब्दही पाळला.

बायकोला सांगितलं, "डॉक्टरांनी पट्टा दिलाय. पट्टा बांधून उचललं तर चालतं."

रविवारी जिना चढताना मी असा कण्हलो की पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून पाणी विचारलं. वर सराव सुरू झाला. पाचच मिनिटांत ड्रमवाला ओरडला, "वहिनी, आज बेस थेट छातीत बसतोय!"

"मग! म्हशीची सर कुणाला येणार आहे?" बायको म्हणाली. बँड सोडायचं नावही काढलं नाही. मी मागे बसून इतके दात काढले की जबडा दुखला.

पुढच्या रविवारी घात झाला. जिन्यात फोन वाजला, सुताराचा. एका हातात फोन, एका हातात म्हैस, मी खिदळत सरळ तिसऱ्या मजल्यावर. वर बघतो तर बायको उभी.

"एका हातात बेचाळीस किलो?"

"पट्टा चांगला आहे गं."

तिनं खोक्यावर टकटक केलं. पोकळ. मग जाळी उचकटली. आत रेडकू.

ड्रमवाल्यानं दारातून डोकं काढलं. "वहिनी, म्हैस गाभण होती वाटतं!"

मी एकटाच हसलो. चूक झाली.

"आवाज वाईट होता असं मी म्हणत नाहीये," ती शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की माझी पाचावर धारण बसते. "पण वाजवणार मी, आणि आवाज तू ठरवलास. मला न विचारता."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग तुला मला पटवावं लागलं असतं. ते जड गेलं तुला."

तिनं सांगाडा बाजूला केला, उघडं रेडकू खोलीच्या मधोमध ठेवलं आणि तासभर जाड तारच वाजवली. ड्रमवाल्याला जोरात वाजवायला लावलं, हळू वाजवायला लावलं, स्वतः दारापर्यंत जाऊन ऐकलं. मी खुर्चीत चुळबुळत होतो, आता सोडते म्हणेल, मग सोडते म्हणेल.

सोमवारी तिनं रजा टाकली. "ते उचल. दुकानात जायचंय."

मला वाटलं, परत करणार. तिथे तिनं दुकानातलं एकेक कॅबिनेट वाजवलं. तीन तास. दुकानदार घाम पुसत माझ्या शेजारी बसला. "साहेब, तुम्ही बरे होता," म्हणाला.

शेवटी तिनं रेडकावर हात ठेवला. "आवाज खरा आहे याचा. पण ड्रम जोरात आला की एकट्याला झेपत नाही. याचंच दुसरं आहे का?"

दोन जोडली. तिनं तार छेडली आणि काउंटरवरची काच बोलायला लागली. बायको हसली. कालपासून पहिल्यांदा.

"लहान खोलीत एक, हॉलमध्ये दोन," ती म्हणाली. "एक तू उचलायचं, एक मी."

रविवारी ती पुढे, पाठीला गिटार, हातात खोका. मी मागे. दुसऱ्या मजल्यावर तिनं खोका खाली ठेवला आणि धापा टाकत जिन्यावर बसली.

"अठरा वर्षं तू याच्या चौपट उचलत होतास?"

"हो."

"आणि एकदाही बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर म्हैस काढली असतीस?"

तिनं थोडा विचार केला. "नाही," म्हणाली, आणि खोका उचलून चढायला लागली.