चौसष्टात भागलं असतं

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि गुरुप्रसादने टेबलावर थाप मारली. मदरबोर्डाने प्रोसेसर ओळखला होता. अठ्ठावीस कोअर! त्याने खुर्ची पुढे ओढून खालची ओळ वाचली आणि त्याचा चेहरा जरासा उतरला. मेमरीच्या आठ पट्ट्या त्याने बसवल्या होत्या, मिळून एकशे अठ्ठावीस जीबी. यंत्राला त्यातल्या चारच दिसत होत्या. चौसष्ट जीबी.

रविवारची दुपार होती. मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीतलं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद होतं, शटर अर्धं खाली ओढलेलं. बावीस वर्षं तो इथे बसून शाळांचे प्रिंटर, वकिलांचे लॅपटॉप आणि वीज पडून जळलेले बोर्ड दुरुस्त करत आला होता. एवढं मोठं यंत्र त्याने आजवर कुणासाठी जुळवलं नव्हतं. हे तो माईसाठी जुळवत होता.

माई म्हणजे त्याची थोरली बहीण आनंदी, त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठी. आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा गुरुप्रसाद पाच वर्षांचा होता. माईने लग्नाचा विषय बाजूला ठेवला, हायस्कुलात चित्रकलेची नोकरी धरली आणि त्याला वाढवलं. त्याचं लग्नही तिनेच लावून दिलं.

एकदा मुलांना रेखाटनासाठी गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, नेलं असताना कातळात कोरलेल्या रेषा तिच्या नजरेला पडल्या होत्या. तीस हात लांब जनावर. केव्हाचं, कुणी कोरलेलं, कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर एकोणीस वर्षं तिचे रविवार त्या सड्यावर गेले. केरसुणीने माती झाडायची, वाळलेलं गवत उपटायचं, वहीत रेषा उतरवून घ्यायच्या. पण जमिनीवर उभं राहून ते जनावर एका नजरेत कधीच मावायचं नाही. त्याच्या पोटाखाली झिजून गेलेल्या आणखी काही रेषा होत्या. बघायला आलेले जाणकार म्हणाले, कातळाच्या भेगा आहेत. माई म्हणायची, पिल्लू आहे.

मग सड्याचा मालक भिकाजी याने जागा बांधकामाचे चिरे काढणाऱ्या खाणीला दिली. माणूस वाईट नव्हता. स्वतः घरी येऊन ओटीवर टेकला आणि म्हणाला, "बाई, पंधरा दिवस मी त्यांना थोपवून धरतो. काय फोटोबिटो काढायचे ते काढून घ्या." बहीणभावाने बांबूच्या टोकाला कॅमेरा बांधून तीन हजारांवर फोटो काढले. सोळाव्या दिवशी कातळ कापायचं यंत्र आलं. आता तिथे चौकोनी खड्डा आहे आणि त्यात पाणी साठलेलं असतं.

सुट्या फोटोंत त्या झिजलेल्या रेषा दिसत नव्हत्या. सगळे फोटो एकत्र जोडून कातळाचा खोलीसकट आकार उभा करायचा आणि मग त्यावर हवा तसा तिरका उजेड टाकून बघायचं, असा एक प्रोग्राम असतो. दुकानातल्या प्रत्येक यंत्रावर गुरुप्रसादने तो चालवून पाहिला. प्रत्येक यंत्र अर्ध्यात मान टाकायचं. आणि वेळ फार नव्हता. साखरेच्या आजाराने माईचा डावा डोळा आदल्या वर्षीच गेला होता. उजव्या डोळ्याचं काही खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

नवं सर्व्हर यंत्र त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून त्याने जुने पार्ट विकणाऱ्या मुंबईच्या नितेशकडून 'इंजिनिअरिंग सॅम्पल' प्रोसेसर घेतला. नवा प्रोसेसर बाजारात आणण्याआधी कंपनी चाचणीसाठी काही नमुने काढते आणि मदरबोर्ड बनवणाऱ्यांना देते. ते विकण्यासाठी नसतातच. तरी काम संपलं की ते कुठून कुठून पाझरत जुन्या बाजारात येतात. त्यांची भानगड एकच असते. मदरबोर्डाच्या बायोसला, म्हणजे बोर्डाच्या पोटात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला, तो कच्चा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. जुन्या बायोसमध्ये ती ओळख असते. नवी आवृत्ती आली की बोर्डाची कंपनी ती ओळख काढून टाकते.

"गुरूभाऊ," नितेशने फोनवर बजावलं होतं, "बोर्ड मी जुन्या बायोसचाच दिलाय. चाललं की चाललं. त्याला हात लावायचा नाही, काय?"

गुरुप्रसाद चौसष्टच्या आकड्याकडे बघत राहिला. कंपनीच्या साइटवर नव्या बायोसपुढे लिहिलं होतं, 'मेमरीच्या अडचणी दूर केल्या आहेत.' नितेशचं बोलणं त्याच्या कानात होतं. पण माईच्या यंत्रात निम्मी मेमरी झोपलेली राहावी हे त्याच्या मनाला पटेना. बावीस वर्षांत आपण किती बायोस बदलले, असं म्हणून त्याने नवी आवृत्ती चढवली. यंत्र बंद होऊन परत सुरू झालं. पंखे जोरात फिरले. पडदा काळाच राहिला.

संध्याकाळपर्यंत तो काळाच होता.

बायोसची चिप परत लिहिण्याचं उपकरण त्याच्याकडे होतं. पण लिहिणार काय? जुनी आवृत्ती कंपनीने साइटवरून काढून टाकली होती. नितेशकडे प्रत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'आधी बॅकअप घ्या' असं सांगणाऱ्या गुरुप्रसादने स्वतः बॅकअप घेतला नव्हता.

घरी आला तेव्हा माई ओटीवर बसून भिंग धरून वर्तमानपत्र वाचत होती.

"काय रे, लागलं का यंत्र?"

"नाही गो." त्याने चपला काढता काढता खाली बघून सांगितलं. "पार्ट चुकीचा आला. बदलून येतोय."

"येऊ दे हो. मी कुठे जात्ये?"

तो रोज दुकानात जाऊन परदेशातल्या हौशी लोकांच्या इंटरनेटवरच्या मंचांवर लिहीत राहिला. हाच बोर्ड कुणाकडे आहे का, जुना बायोस कुणी जपून ठेवलाय का. दोघांनी दुसऱ्याच बोर्डाच्या फायली पाठवल्या. एकाने लिहिलं, नमुन्याचे प्रोसेसर घेणाऱ्यांचं असंच होतं. आणि घरी गेलं की रोज माईचा तोच प्रश्न, त्याचं तेच उत्तर. पार्ट येतोय. निघालाय. उद्या-परवा येईल.

अकराव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा ओतताना तिचा हात थांबला. चहा कपाबाहेर, ओट्यावर सांडला.

"गुरू, डोळ्यासमोर काळं काळं उतरतंय रे. शाई सांडावी तसं."

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या शिरा फुटून रक्त उतरलं होतं. त्याच दिवशी तिला मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. डोळ्याचा पडदा सुटून आला होता, तो बसला नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसून गुरुप्रसाद फोनवर मंच उघडून बघायचा आणि खिशात टाकायचा. आता कशासाठी शोधतोय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. महिन्याभराने माईला हाताला धरून त्याने घरात आणलं, तेव्हा तिला दारातून येणारा उजेडही कळत नव्हता. तिने विचारलं मात्र तेच.

"पार्ट आला का रे?"

सत्तेचाळिसाव्या दिवशी एका अनोळखी माणसाने फाईल पाठवली. त्याच्याकडे तोच बोर्ड होता, त्याने जुन्या बायोसची प्रत काढून ठेवली होती. सोबत एकच ओळ होती, 'जुळेल, फक्त अपडेट करू नका.' गुरुप्रसादने चिप लिहिली. अक्षरं उमटली. अठ्ठावीस कोअर. चौसष्ट जीबी. या वेळी त्याने त्या आकड्याला बोटही लावलं नाही.

तीन हजार फोटो जोडायला दोन दिवस आणि वर काही तास लागले. चौसष्ट जीबी पुरली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने यंत्र घरी आणून माईच्या खोलीत मांडलं. माई पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि सवयीने तिने चष्मा घातला. गुरुप्रसादने ते पाहिलं आणि मान वळवली.

त्याने उजेड पश्चिमेकडून तिरका सोडला. राखाडी कातळावर ते जनावर सगळंच्या सगळं समोर आलं. एकोणीस वर्षांत माईने तुकड्यातुकड्याने पाहिलेलं, त्या खड्ड्यातून चिरे होऊन कुणाकुणाच्या भिंतींत गेलेलं. आणि त्याच्या पोटाखाली पिल्लू होतं. माईने एकटीने म्हटलं होतं तसंच.

"काय झालं? बोल की रे."

त्याला पिल्लाचं सांगायचं होतं. पण तोंडातून दुसरंच आलं.

"माई, हे पहिल्याच दिवशी चालू झालं होतं."

"कुठल्या पहिल्या?"

"तो रविवार. तू ओटीवर पेपर वाचत होतीस. त्या दुपारी सगळं जुळलं होतं. मेमरी निम्मीच दिसत होती म्हणून मी त्यात हात घातला आणि बिघडवलं. पार्टबिर्ट काही येत नव्हता. मी खोटं सांगत होतो."

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. माईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"निम्म्या मेमरीत झालं असतं?"

"झालं असतं. आता निम्म्यातच झालंय. चौसष्टात भागलं असतं."

"किती दिवसांत?"

"तीन."

ती काही मोजत असावी, अशी तिची बोटं चष्म्याच्या काडीवर एकेक करून हलली आणि थांबली.

"म्हणजे तेव्हा मला दिसत होतं," ती म्हणाली.

गुरुप्रसाद तिच्या पायाशी जमिनीवर बसला. तिने हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. मग तिने विचारलं, "पिल्लू आहे का?"

"आहे गो."

"खरं?"

"खरंच आहे. देवाशपथ."

"पार्टही येतच होता, गुरू." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "मला बरं वाटावं म्हणून तू आत्ताही सांगशील. मी कसं ओळखू?"

एकोणीस वर्षं तिने ज्याची वाट पाहिली ते तिच्यापासून दोन हातांवर होतं, ते आजवर पाहिलेला डोळा एकच होता, आणि तो डोळा खोटं बोललेल्या माणसाचा होता.

"तू बाहेर जा," माई म्हणाली. "मृणालीला पाठव. तिला काही सांगू नकोस. आणि दारात उभा राहू नकोस."

मृणाली, त्याची बायको, पोस्टाच्या खिडकीवर बसायची. सड्यावर ती एकदाही गेली नव्हती. त्या दगडांत काय ठेवलंय, असं ती मोकळेपणाने म्हणायची आणि माईला ते तोंडावरही सांगायची. ती कोळंबी सोलत बसली होती. गुरुप्रसादने "माई बोलावत्ये" एवढंच म्हटलं. त्याचा चेहरा पाहून तिने काही विचारलं नाही. हात धुऊन, पदराला पुसत ती आत गेली.

तो मागच्या दाराने खळ्यात, मागच्या अंगणात, उतरला. माईच्या खोलीची खिडकी उघडी होती.

"मृणाली, समोर काय दिसतं ते सांग बघू. वाटतं ते नको. दिसतं ते."

"मोठं गुरासारखं काहीतरी आहे, माई. शिंगं नाहीत. शेपूट लांब, खाली सोडलेलं. आणि पोटाखाली..." मृणाली थांबली. "थांबा हं, जवळून बघत्ये. अगोबाई, खाली आणखी एक आहे! लहान. मान वर केलेली आहे त्याने, आईकडे."

गुरुप्रसादने डोळे मिटून घेतले.

"पाय किती त्याला?" माईचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"एक, दोन... तीन. चौथा नाही दिसत. तिथे टवका उडालाय."

"हो," माई म्हणाली. "तिथे उडालाय टवका. मला माहित्ये."

माई रडत्ये की हसत्ये हे त्याला बाहेरून कळेना. तिचा चेहरा बघायला तो एक पाऊल खिडकीकडे गेला, पण दारात उभा राहू नकोस असं ती म्हणाल्याचं त्याला आठवलं आणि तो थबकला.

"परत सांग गं," माई म्हणाली. "तोंडापासून सांग. सावकाश."

मृणाली परत सांगू लागली. काळोख पडत आला होता. सांगता सांगताच तिने उठून खोलीतला दिवा लावला. खिडकीतून उजेड खळ्यात आला, गुरुप्रसादच्या पायांपर्यंत. तो दोन पावलं मागे सरला आणि उभ्या उभ्या ऐकत राहिला.