पलीकडचा तंबू

तळ्याकाठी तंबूत राहायला जायचं ही कल्पना बायकोची, आणि ती पार पाडायची जबाबदारी चावीवाल्याची, अशी कामाची वाटणी लग्नाच्या चौथ्या महिन्यात झाली. जाहिरातीत ती जागा 'नवशिक्यांसाठी, सहकुटुंब' अशी होती. फोटोतलं कुटुंब तंबूपुढे बसून इतकं हसत होतं की त्यांना डास चावत नसावेत, किंवा एव्हाना चावून संपले असावेत.

चावीवाल्याचं दुकान बाजारातल्या एका जिन्याखाली होतं. चावीची नक्कल करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मूळ चावी समोर ठेवायची, तिच्यावर नजर रोवायची आणि कानस चालवायची. डोकं मध्ये आणायचं नाही. "नमुना दाखवा, करून देतो," हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं एवढंच.

आता मात्र जे करायचं होतं त्याला नमुना नव्हता. बायकोला पहिल्या लग्नाची सात वर्षांची मुलगी होती आणि ती आजीकडे राहायची. शाळा उघडली की आजीकडेच राहायचं की या दोघांकडे यायचं, हे तिचं तिनं ठरवायचं होतं. चावीवाल्यानं घरातली छोटी खोली रंगवून ठेवली होती. ती बघून मुलगी "छान आहे" म्हणाली, लोक दुसऱ्याच्या घरच्या पडद्यांना म्हणतात त्या सुरात. त्याला ती हाक मारत नसे. अगदीच अडलं तर 'अहो'.

"ओढू नकोस तिला," बायकोनं गाडीत बजावलं होतं. "येईल तेव्हा येईल."

"मी कुठे ओढतोय?"

"कालपासून तिला तीन वेळा भूक लागलीय का विचारलंस."

तळं लांबट आणि अरुंद होतं. बाकीच्या नवशिक्यांनी संडासाजवळचं सपाट मैदान पकडलं होतं. बायकोला शांतता हवी होती, म्हणून यांनी अगदी टोकाची जागा घेतली. पिशवीतून काठ्या, दोऱ्या, खुंट्या आणि कुठूनच सुरू न होणारं एक निळं कापड निघालं. सोबत चित्रांचा कागद होता. चित्रातल्या माणसाला चेहराच नव्हता, त्यामुळे त्यालाही हे जमत होतं की नाही ते कळेना.

मुलगी उलट्या बादलीवर बसून बघत होती. तिच्यासमोर पचका होणं परवडणारं नव्हतं. चावीवाल्यानं घाम पुसायच्या निमित्तानं मान वर केली, आणि त्याला पलीकडच्या काठावर निळा तंबू दिसला.

एक पुरुष, एक बाई, एक मूल. तंबू अर्धा उभा. मुलीसाठी आणलेली खेळण्यातली दुर्बीण "नको, थँक्यू" म्हणून गाडीच्या टपावर परत आलेली होती. ती त्यानं डोळ्याला लावली. पलीकडचा पुरुष आधी लांब काठ्या फुलीसारख्या ओवत होता, मग एकेक कोपरा उचलत होता. चावीवाल्याचे हात आपोआप चालू लागले.

"तिकडे काय बघतोयस सारखा?" बायको म्हणाली. "परीक्षेतही असाच शेजाऱ्याच्या पेपरात बघून पास झालास ना?"

"पास झालो हे महत्त्वाचं."

तिनंही दुर्बिणीतून बघितलं. "आपलाच तंबू की हा. सेलमध्ये घेतला असणार. ती बाई पण माझ्यासारखीच कंबरेवर हात ठेवून उभी आहे बघ, नवऱ्याला वैतागून."

तंबू ताठ उभा राहिला. मुलगी बादलीवरून उतरली, आत डोकावली आणि म्हणाली, "पडणार नाही ना?" या मुलीकडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं.

मग चावीवाला सुटलाच. पलीकडच्यानं चूल वाऱ्याला पाठ करून मांडली, यानंही मांडली. पलीकडच्यानं चपटा दगड वाकून, मनगट झटकून फेकला आणि दगड पाण्यावरून उड्या मारत गेला.

"तुम्हाला येतं तसं?" मुलीनं विचारलं.

"येतं," चावीवाला म्हणाला. अगदीच खोटं नव्हतं, कारण त्याच क्षणी ते त्याला आलं. दगड टप्पे घेत गेला. मुलगी हसली. पुढचा दगड तिनं स्वतः शोधून त्याच्या हातात दिला. पलीकडच्यानं पानाची होडी केली, इकडेही झाली. पलीकडच्यानं मुलाला खांद्यावर घेतलं. यानं जरा भीत भीत विचारलं, आणि मुलगी चक्क चढून बसली. वरून दोन्ही हातांनी त्याचे कान धरून तिनं त्याला सगळा काठ फिरवला. जेवताना ती आईला सोडून त्याच्या शेजारी बसली. "अहो, मीठ द्या ना," म्हणाली. मीठ तिच्याच हाताशी होतं.

बायकोनं भुवया उंचावल्या. "काय जादू केलीस?"

"काही नाही," चावीवाला म्हणाला आणि घास गिळता गिळता त्यानं पलीकडे बघून घेतलं. पलीकडचा पुरुष मुलाचा हात धरून पाण्यात शिरत होता. घोट्याएवढं पाणी, दोघं हळूहळू चालत, मूल मान मागे टाकून हसत. बघूनच गार वाटलं.

"ऊन उतरलं की आपण पाण्यातून चालू," तो मुलीला म्हणाला. "हात धरून."

"नक्की?"

"अगदी नक्की."

तेवढ्यात बायकोनं डबा उघडायला दिला, आणि पत्र्याच्या कडेनं त्याचा डावा अंगठा कापला. जखम विशेष नव्हती. बायकोनं पांढऱ्या रुमालाची चिंधी फाडून बांधली. चावीवाला त्या अंगठ्याकडे बघत राहिला. पलीकडच्या पुरुषाच्या डाव्या अंगठ्याला सकाळपासून पांढरी चिंधी होती. दगड फेकताना ती दिसली होती आणि त्याला वाटलं होतं, बिचाऱ्याला लागलेलं दिसतंय.

योगायोग, तो स्वतःशी म्हणाला. हा फार सोयीचा शब्द आहे, एकदा उच्चारला की पुढचा विचार माफ होतो. चहा होईपर्यंत तो पुरला. मग बायकोच्या शालीवर चहा सांडला, तिनं शाल खळबळली आणि तंबूच्या उजव्या दोरीवर वाळत टाकली. पलीकडच्या तंबूच्या उजव्या दोरीवर दुपारपासून शाल वाळत होती. बायकोनं ती बघितलेली नव्हती. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

एवढा वेळ नक्कल आपण करतोय असं तो समजत होता. पण दुकानात एकदा मूळ चावी समोर ठेवली की कोऱ्या पत्र्याला कुणी विचारत नाही, तुझं काय मत आहे म्हणून.

ऊन उतरलं होतं. वारा पडला. त्यानं दुर्बीण लावली.

पलीकडची बाई काठावर उभी होती, दोन्ही हात तोंडाशी नेऊन. पुरुष छातीपर्यंत पाण्यात होता. तो गोल गोल फिरत होता, हात पाण्याखाली घालून चाचपत होता, बुडी मारत होता, वर येऊन पुन्हा चाचपत होता. मूल कुठेच नव्हतं. आणि बाई ओरडत होती हे दिसत असूनही आवाज येत नव्हता. एवढ्याशा तळ्यावरून तो यायला हवा होता.

चावीवाला धावत व्यवस्थापकाच्या खोलीशी गेला. गळ्यात शिट्टी अडकवलेला तो गृहस्थ खुर्च्या गोळा करत होता.

"पलीकडे मूल बुडतंय. होडी काढा, लवकर."

"पलीकडे?" व्यवस्थापकानं डोळ्यांवर हात धरला. "पलीकडे कुणी नसतं हो. रस्ताच नाही तिकडे, सगळी दलदल. माणूस उभा राहिला तर गुडघाभर आत जातो."

"तंबू आहे. निळा."

"कुठाय?" त्यानं दुर्बीण घेतली, सावकाश इकडून तिकडे फिरवली आणि परत दिली. "लव्हाळी आहेत नुसती. पहिल्यांदाच आलात ना? टोपी घालत जा उन्हात."

चावीवाल्यानं पुन्हा बघितलं. पुरुषानं शोधायचं थांबवलं होतं. तो पाण्यात निश्चल उभा राहून सरळ इकडे बघत होता. चेहरा ओळखण्याइतकी ती दुर्बीण चांगली नव्हती. त्याबद्दल चावीवाल्याला दुकानदाराचे उपकार वाटले.

तो परतला तेव्हा मुलगी काठावर उभी होती. बूट काढून शेजारी नीट ठेवलेले, मोजे बुटांत. पाणी तिच्या बोटांशी येऊन परत जात होतं. तिनं हात पुढे केला. दिवसभर तो ज्याची वाट बघत होता तोच हात, कुणी न मागता पुढे आलेला.

"चला ना अहो."

"नको," तो म्हणाला.

"का?"

"बूट घाल. आपण घरी जातोय."

"तुम्ही नक्की म्हणाला होतात. अगदी नक्की म्हणाला होतात."

त्यानं तिला कमरेत धरून उचललं. ती ताठ झाली, मग लाथा झाडायला लागली, मग रडायला. बायको धावत आली. "अरे, काय चाललंय काय? सोड तिला. वेड लागलंय का तुला?"

"गाडीत बसा दोघी. काच वर करा."

"काय झालं ते तरी सांग."

काय सांगणार? चिंधी, शाल, होडी, एकेक घेतलं तर कशालाच अर्थ नव्हता. "रात्री सांगतो," म्हणाला आणि तंबूला भिडला. गुंडाळायचा कसा हे ठाऊक नव्हतं आणि पलीकडे तर बघायचंच नव्हतं. त्यानं खुंट्या उपटल्या, काठ्या गुडघ्यावर वाकवल्या, एक मोडली. दोऱ्यांसकट, ओल्या शालीसकट सगळं छातीशी कवटाळून डिकीत कोंबलं. इतकं गचाळ काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

झाकण लावताना नजर गेलीच. पलीकडचा पुरुष पाण्याबाहेर येऊन खुंट्या उपटत होता. काठी गुडघ्यावर वाकवत होता. आता तो मागे होता, याच्या एक पाऊल मागे, आणि घाईघाईनं गाठू बघत होता. त्यानं सगळं छातीशी कवटाळलं. मग वळून पाण्याकाठी गेला, आणि लहान मुलाला उचलावं तसा वाकून, रिकामे हात घेऊन वर आला.

चावीवाल्यानं गाडी सुरू केली.

मैदानातले नवशिके दिवे लावत होते. बायको खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचा राग बरेच दिवस पुरणार होता. मागच्या सीटवर मुलीचं रडणं ओसरलं आणि बोलणं सुरू झालं. तुम्ही खोटारडे आहात. तुम्ही मला दुखवलंत. माझा एक मोजा तिकडेच राहिला. मी आजीकडेच राहणार, कायमची, आणि तुमच्या त्या खोलीत कधीच येणार नाही.

"बरं," चावीवाला म्हणाला.

"कधीच म्हणजे कधीच."

"बरं. अजून बोल."

ती चिडून बोलत राहिली. बोलणं थांबलं की तो आरशात बघायचा. अंधारात मागची सीट नीट दिसत नव्हती, कधी केस दिसायचे, कधी नुसती पाठीची गादी. वळणावर बराच वेळ गादीच दिसली. त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"माझ्याकडे काय बघताय सारखं?" मागून आवाज आला. "रस्त्याकडे बघा ना."

त्यानं रस्त्याकडे बघितलं.