जुळलेला डोळा

१९७४ च्या जानेवारीतील त्या सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी एथेल मिस्किटाने चपला तळघराच्या दाराबाहेर काढल्या. अंधेरीच्या संशोधनसंस्थेतील त्या तळघराला खिडकी नव्हती. पंखाही लावायचा नसे. कंपनाने नळ्यांतले पाणी हलले असते. बारा काचनळ्या. प्रत्येकीत मातीचे सूक्ष्म कण, धड विरघळलेले नाहीत, धड तळाशी बसलेलेही नाहीत. त्या गढूळपणाची वरची कड दिवसाला केसभर खाली सरके. एक डोळा मिटून, दुसरा कडेच्या पातळीत आणून, श्वास रोखून ती मोजायची. मोजणारा माणूस बदलला की मापात फरक पडे. म्हणून अकरा वर्षे, रविवार धरून, नाताळच्या दिवशी चर्चमधली मिसा आटोपूनसुद्धा, एथेलच येत आली होती.

गेल्या वर्षी तिने कमल गवईला शिकवले. दोघींची मापे अखेर तंतोतंत जुळली, आणि एथेलला वरच्या मजल्यावर ग्रंथालयात बदली मिळाली. एक तारखेला रुजू व्हायचे होते. त्या दालनाला पाच खिडक्या होत्या.

कमल आज जिन्यातच बसली होती. हातात पत्र होते.

"काय गं, तोंड का असं?"

"बंगलोरच्या परिषदेत माझा निबंध घेतलाय, एथेलबाई. तिशीच्या आतल्यांचं जाणं-येणं, राहणं, सगळं तेच बघणार. पुढच्या महिन्यात, दहा दिवस."

"झकास की. मग रडायला काय झालं?"

"डॉक्टर म्हणतात, एथेल ग्रंथालयात गेली की तिथले तिला खाली सोडणार नाहीत, मग तुझाच डोळा. दहा दिवस खंड पडला तर अकरा वर्षांच्या कामाची वाट लागेल. पुढच्या वेळी बघू म्हणाले."

डॉक्टर मार्तंड टिपणीस, त्यांचे विभागप्रमुख, एथेललाही हेच म्हणाले होते, दोनदा. त्यांच्या बोलण्यात तेव्हाही दुष्टपणा नव्हता. मग तिची तिशी उलटली, आणि ते म्हणण्याची गरजच उरली नाही.

"उगाच नीट शिकले मी," कमल म्हणाली. "थोडं चुकत राहायला हवं होतं ना."

"चुकली असतीस तर मी सोडलं असतं तुला? ऊठ. मापं घ्यायला लाग. मी वर जाऊन येते."

कार्यालयात शकु कारकून नुकतीच येऊन बसली होती. एथेलने तिच्याकडून कागद घेऊन दोन ओळी लिहिल्या : ग्रंथालयातील बदली मी स्वीकारू शकत नाही. नळ्यांची मापे पूर्वीप्रमाणे मीच घेईन.

शकुने वाचले. "वेड लागलंय का तुला? चार जण टपलेत त्या जागेवर. उद्या मागशील तर मिळायची नाही."

"ठाऊक आहे. शिक्का मार."

"डॉक्टर कारण विचारतील."

"नाही विचारणार."

शकुने शिक्का मारला. एथेलने कागद डॉक्टरांच्या मेजावर, त्यांना पहिल्यांदा दिसेल असा ठेवला आणि ती खाली आली. कमल सातव्या नळीचे माप वहीत लिहीत होती.

"राहिलेल्या पाच मी बघते. डॉक्टर येतीलच आता. सांग त्यांना, एथेल आहे इथे."

"आणि तुमची लायब्ररी?"

"धूळ फार तिथे. बंगलोरला थंडी असते, लोकरीचं काहीतरी घेऊन जा."

कमल जिना चढून गेली. एथेलने दार आतून लावून घेतले आणि आठव्या नळीसमोर बसून एक डोळा मिटला.