समुद्राकडची भिंत

मी भिंत बोलतेय. घराची पुढची नव्हे. तिच्या नशिबी कुंड्या, खिडक्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचं कौतुक. मी मागची, समुद्राकडची. माझ्या अंगाला सांडपाण्याचा पाइप आणि मासळीच्या रिकाम्या क्रेटची चळत टेकलेली. खारा वारा आधी माझ्याच तोंडावर येतो.

मला बांधलं या घरातल्या म्हाताऱ्यानं, तरुणपणी, स्वतःच्या हातांनी. गाव त्याला चेष्टेनं कप्तान म्हणतं, कारण त्याची सगळी कप्तानी एका लहानशा बोटीवर झाली. तो दरवर्षी न चुकता मला चुना लावायचा. घराच्या पुढच्या बाजूचे पोपडे निघाले तरी त्याला चालत, पण माझ्यावर डाग पडलेला खपत नसे. मला वाटायचं, माझ्यावर जीव आहे याचा. कसला जीव न कसलं काय, कारण वेगळंच होतं.

बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. त्यांच्यामधून एक बोट जेमतेम जाईल एवढीच वाट. आमच्यामागे बर्फाच्या कारखान्याची उंच टाकी आहे. परतणाऱ्या बोटीला मी लांबून पांढरी दिसते; ती टाकी बरोबर माझ्या डोक्यावर आली, की नाक सरळ धरून आत यायचं. जरा इकडेतिकडे झालं की बोटीचा तळ फाटलाच म्हणून समजा. हे बोटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून जमिनीवर कुणी कधी बोललंच नाही. पुरुष घरी येऊन इंजिनाबद्दल बोलत, डिझेलबद्दल बोलत. बायका शेडमध्ये मासळी निवडत, जाळी शिवत; बोटीत त्यांना कुणी बसवत नसे. त्यांच्या लेखी मी नुसती ओल धरणारी भिंत.

कप्तानाची सून समुद्रापासून लांबच्या गावातली. कामाला वाघीण. बर्फात हात घालून तिची बोटं चिरलेली असत, तरी घरी आली की कंबर कसून घर पुसायची. तिचा पलंग माझ्या आतल्या अंगाला लागून होता. उशीला कुबट वास येई, कपडे वाळत नसत. नवऱ्यानं बोट नुकतीच निळी रंगवली होती आणि तेलरंगाचा डबा उरला होता. तो पहाटे समुद्रावर गेल्यावर तिनं मनाशी ठरवलं, भिंतही बोटीसारखी करू. ओल थांबेल आणि तो परत आला की खूश होईल.

दुपारपर्यंत मी आपादमस्तक निळी झाले. खरं सांगते, मला ते आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नटवलं होतं.

कप्तान पुढच्या दारात बसून जाळं शिवत होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, सगळं काम हातांच्या अंदाजानं. वारा फिरला तसा त्याला वास आला. बोट तर रंगवून झाली, मग हा रंग कसला, असं त्यानं विचारलं.

"मागची भिंत, बाबा. निळी केलीय."

त्याच्या हातातली सुई थांबली. "मग त्याला घर सापडायचं नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, म्हातारा भलतंच बोलतोय. पण त्यानं खडकांचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. समुद्रावर भुरभुर पावसाचा पडदा उतरला होता. त्यात पलीकडच्या लिलावाच्या शेडची मागची बाजू कालपरवाच चुन्यानं रंगवलेली. अशा अंधुक हवेत नवरा तिलाच मी समजून बोट खडकांवर घालणार होता. तिनं त्याला फोन लावला. तो आतल्या खोलीत, उशीशेजारी चार्जिंगला लावलेला वाजला.

तिनं पलंगावरची पांढरी चादर ओढली आणि मागे धावली. वाऱ्यानं ती हातातून हिसकावली. शेजारची काकू धावत आली, कारण ऐकून आपल्या घरात गेली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पांढऱ्या चादरी घेऊन आली. तेवढ्यात चादरीचं एक टोक फडकन माझ्यावर आपटलं आणि चिकटून बसलं. रंग ओला होता! मग दोघी स्टुलावर चढून तळव्यांनी चादरी थापत सुटल्या. कप्तान खाली स्टुलाचे पाय धरून उभा. कापड कमी पडलं, तेव्हा त्यानं अंगातला पांढरा सदरा काढून वर दिला.

"बोट दिसतेय का?" तो सारखा विचारत होता.

त्या दोघींची पाठ समुद्राकडे होती. बोट मला दिसत होती. तिचं नाक सरळ लिलावाच्या शेडकडे होतं. तोंड असून नसल्यासारखी मी, कशी ओरडणार? माझ्या दगडादगडात भीती भरली. बोट पुढे आली, आणखी पुढे आली. मग इंजिनाचा आवाज उतरला. ती लाटांवर नुसती हेलकावत राहिली. एक पांढरा ठिपका इथं, एक तिथं. तो बिचारा वर टाकी शोधत असणार. सून थापत होती, रडत होती, थांबत नव्हती.

हळूहळू नाक माझ्याकडे वळलं.

नवरा ओलाचिंब होऊन मागच्या बोळातून आला तो तणतणतच. माझ्यावर थापलेल्या चादरी बघून जागीच थांबला. सून समोर उभी होती, हात कोपरापर्यंत निळे.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तिनं विचारलं.

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"इथं मासळी निवडता निवडता?"

समुद्र शांत झाल्यावर एका सकाळी त्यानं तिला आणि काकूला बोटीत बसवून खडकांच्या पलीकडे नेलं. तिथून सूनबाई माझ्याकडे कितीतरी वेळ बघत होती.

आता मी पुन्हा पांढरी आहे. तो निळा रंग खरवडताना माझे हाल झाले, आतली ओलही तशीच आहे. चुना मात्र आता सून लावते. बोट बाहेर असली की ती पुढच्या दारात वाट बघत बसत नाही. मागे येते आणि माझ्यासमोरच्या दोरीवर कुणी कपडे वाळत घातले असतील तर काढते.

माझं मागणं एवढंच आहे. घरात नवं माणूस आलं की त्याला तुम्ही घर आतून दाखवता, खोल्या दाखवता, डबे दाखवता. एकदा बाहेर नेऊन दाखवा, परत येणाऱ्याला ते जिथून दिसतं तिथून.