तेल कुणी घातलं?

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, माझ्यामागे घर शोधायला जाऊ नका. मी नाटकातला दरवाजा. माझं घर संध्याकाळी उभं राहतं आणि प्रयोग संपला की ट्रकमध्ये आडवं होतं. जन्माने मी खोक्यांच्या फळ्यांचा, वर रंग मात्र सागवानाचा. प्रेक्षकांना मी भारदस्त वाटतो. खरं काय ते मला उचलणाऱ्यांच्या खांद्यांना ठाऊक.

आम्हा दरवाजांचा स्वभाव मुळात संशयी. समोरून हसत आत येणारा माणूस क्षणभरापूर्वी मागच्या बाजूला काय पुटपुटत होता, हे आम्ही ऐकलेलं असतं. जमेला हसू, खर्चाला पुटपुट. ताळा क्वचितच जुळतो.

मला बनवताना सुताराने वरची बिजागरी वाकडी बसवली. त्यामुळे मी उघडलो की लांबलचक कुरकुरतो. एका समीक्षकाने लिहिलं, की त्या आवाजात एका घराचं म्हातारपण ऐकू येतं. सुतार पुढे कितीतरी दिवस कॉलर ताठ करून हिंडत होता.

आमच्या नाटक मंडळीतल्या सगळ्यात जुन्या नटी, म्हणजे बाई, नाटकात आईचं काम करतात. त्यांचा प्रत्येक प्रवेश माझ्यातून. तरुणपणी त्या वाऱ्यासारख्या यायच्या. मग वय झालं आणि वाक्यं निसटू लागली. आधी एखादा शब्द, पुढे अख्खी ओळ. तेव्हा त्यांची सख्खी नणंद माझ्यामागे येऊन उभी राहू लागली. सगळी मंडळी त्यांना वन्संच म्हणत. वन्सं कपडेपट सांभाळायच्या आणि नाटक त्यांना तोंडपाठ होतं. बाईंचा पदर सारखा करायच्या निमित्ताने त्या जवळ येत. बाई मला सावकाश ढकलत, मी कुरकुरत असे, आणि त्या कुरकुरीखाली वन्सं पहिलं वाक्य कुजबुजत. पहिलं मिळालं की पुढची वाक्यं माळेतल्या मण्यांसारखी ओघळत. प्रेक्षकांना कुरकुर, बाईंना वाक्य. हे गुपित त्या दोघींना आणि मला ठाऊक. मॅनेजरलाही त्याचा पत्ता नव्हता.

मग बाईंवर आणि मंडळीवर माहितीपट काढायला फिल्मवाले आले. त्यांचा दिग्दर्शक फार गोड बोलायचा. गोड बोलणारा माणूस दाराशी घुटमळू लागला की मी सावध होतो. एकदा त्याने विचारलंच, की बाई, दार इतकं सावकाश का उघडता? बाई म्हणाल्या, "घाई करायला पलीकडे काय माझी गाडी सुटतेय?" सगळे हसले. वन्सं मात्र हसल्या नाहीत. मीही नाही.

तेव्हापासून सगळ्या मंडळीत संशयाची लागण झाली. मॅनेजरला वाटे, फिल्मवाले उखाळ्यापाखाळ्या शोधतायत. फिल्मवाल्यांना वाटे, मॅनेजर काहीतरी झाकतोय. वन्सं तर चहा देणाऱ्याशीही बोलेनाशा झाल्या. बाईंचं विसरणं पडद्यावर गेलं की आईचं काम हातचं जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. माझा संशय होता मंडळीतल्या सगळ्यात तरुण नटीवर, धाकटीवर. ती सुनेचं काम करते आणि विंगेत उभी राहून बाईंची वाक्यं म्हणून बघते. कशाला, ते मला सांगायला नको.

ज्या प्रयोगाचं चित्रण होणार होतं, त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. कुणाचा तरी हात माझ्या बिजागरीवर आला. गार थेंब आत झिरपले. माणूस दिसला नाही, पण लवंगेचा वास आला. आवाज मोकळा राहावा म्हणून सदानकदा तोंडात लवंग धरणारी एकच व्यक्ती मंडळीत होती. धाकटी. म्हटलं, सापडलीस.

प्रयोग सुरू झाला. बाईंनी मला ढकललं. मी उघडलो, आणि आवाजच नाही. त्या शांततेत वन्संची कुजबुज पहिल्या काही रांगांपर्यंत स्वच्छ पोचली. "आज तरी पत्र आलं का?"

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी माझी कडी घट्ट धरून ठेवली. ते फक्त मला कळलं. मग त्यांनी मान वळवली आणि नाटकातल्या आईच्याच आवाजात म्हणाल्या, "वन्सं, दाराआडून काय विचारता? या घरात तुम्हाला कुणाची चोरी आहे? पुढे या आणि मोठ्यानं विचारा."

वन्सं बाहेर आल्या. नाकावर चष्मा, पदराला दोरा ओवलेली सुई. जन्मात कधी प्रकाशात उभ्या राहिल्या नव्हत्या. चष्मा वर सरकवून त्यांनी मोठ्याने विचारलं, "आज तरी पत्र आलं का?"

"नाही हो, वन्सं," बाई म्हणाल्या आणि पुढची वाक्यं सुरळीत आली. वन्सं उरलेलं नाटकभर कोपऱ्यात बसून कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या आणि अडेल तिथे विचारत राहिल्या. लोकांना वाटलं, नाटकात नणंद आहेच. विंगेत आधी कपाळाला हात लावून बसलेला मॅनेजर नंतर सांगत होता, की हे पात्र कधीपासून त्याच्या डोक्यात घोळत होतं.

मग तेल कुणी घातलं याची चौकशी झाली. बाईंचं काम गेलं तर ते तिलाच मिळणार, म्हणून सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे वळल्या. तिला रडू आवरेना. तेवढ्यात फिल्मवाल्यांचा ध्वनिमुद्रक पुढे आला. गाल सुजलेला, दाढ दुखत होती, म्हणून तिनेच त्याला लवंग दिलेली. तो म्हणाला, "तेल मी घातलं. दार फार कुरकुरत होतं. बाईंचं पहिलं वाक्य त्यात बुडत होतं."

बाई हसल्या. "अरे राजा, कुणाचं तरी काहीतरी बुडावं म्हणूनच ते कुरकुरायचं."

दिग्दर्शकाने तो प्रसंग फिल्ममधून काढू का, म्हणून विचारलं. बाईंनी साफ सांगितलं, "राहू दे. दाराची पुढची बाजू सगळ्यांनी पाहिलीये." पुढच्या प्रयोगाच्या जाहिरातीत वन्संचंही नाव आलं. धाकटी अजूनही बाईंची वाक्यं म्हणते, पण आता विंगेत बसून, बाईंच्या समोर. चुकली तर बाई तिला सांगतात, आणि बाई चुकल्या तर ती.

आता माझ्यामागे कुणी उभं नसतं. मी गुळगुळीत उघडतो आणि माझ्याबद्दल कुणी काही छापत नाही. चालायचंच. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, उडालेला रंग द्या, वाळवीपासून जपा. पण एखादा म्हातारा जीव कुरकुरत असेल, तर तेलाची बाटली उघडण्याआधी जरा वाकून बघा. त्याच्यामागे कुणीतरी उभं असेल.